सिंगापूर एवढं सैन्य नक्की कोणासाठी पोसतंय?

मनमोकळा
परवा इथल्याच दुसऱ्या एका धाग्यावर विषय निघाला आणि भलतीकडेच भरकटला म्हणून वेगळा धागा काढतोय. सिंगापूरचं २०२५ चं संरक्षण बजेट बघितलंत का? २३.४ अब्ज सिंगापूर डॉलर. डॉलरला साधारण ६५ रुपये धरले तर दीड लाख कोटी रुपयांच्या वर जातंय. आपलं भारताचं २०२५-२६ चं संरक्षण बजेट आहे ६.८१ लाख कोटी, म्हणजे आपल्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पैसा हा ठिपक्याएवढा देश खर्च करतोय, लोकसंख्या किती तर साठ लाख, त्यातले नागरिक छत्तीस लाख. माणशी काढलं तर अडीच लाख रुपये वर्षाला, आपल्याकडे माणशी पावणेपाच हजारपण होत नाही. एफ-१५ आहेत, एफ-१६ आहेत, एफ-३५ वीस घेतायत, जर्मनीकडून पाणबुड्या, लेपर्ड रणगाडे. आणि १९६५ पासून एक युद्ध नाही. शत्रू कोण ते तोंडाने कधी सांगत नाहीत. तिथे राहणाऱ्यांनी जरा उजेड पाडा, उगाच भारत-चीन करू नका प्लीज.

कुरकुरे_कुमार
शत्रू कोणी नाही हो, हौस आहे. पैसा उतू जातोय, मग खेळणी घ्यायची. पूर्व-पश्चिम पन्नास किलोमीटर, उत्तर-दक्षिण सत्तावीस. लढाऊ विमान उडालं की मिनिटभरात दुसऱ्याच्या हद्दीत. असल्या देशाने सैन्य ठेवून काय उपयोग, पहिल्या तासाभरातच निकाल लागेल.

अवखळ
+१. शिवाय अमेरिकेची विमानवाहू जहाजं चांगीच्या नौदल तळाला येऊन लागतात, ती कशाला येतात मग? सुरक्षा तिथूनच मिळते की.

सुमेधा_एस
कुमार, "हौस" म्हणणं सोपं आहे पण १९६५ मध्ये जाऊन बघा जरा. मी इथे बरीच वर्षं आहे त्यामुळे या विषयावर लांबण लागणार, आधीच सांगते.

९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियाने यांना बाहेर काढलं, मागून घेतलेलं स्वातंत्र्य नव्हतं ते. त्या दिवशी हातात काय होतं तर पायदळाच्या दोन बटालियन, त्यातही बरेचसे जवान मलेशियातले. बॅरॅकमध्ये मलेशियाचं सैन्य बसलेलं, ते लवकर जायला तयार नाही. पिण्याचं पाणी मलेशियाच्या जोहोरमधून येणार, आणि आमच्याविरुद्ध गेलात तर पाणी तोडू ही भाषा तिकडून आलेली. तिकडे इंडोनेशियाचं कॉन्फ्रंटासी, म्हणजे मलेशियाविरुद्धची अघोषित लढाई, चालूच होतं, मार्च १९६५ मध्ये ऑर्चर्ड रोडवरच्या मॅकडोनाल्ड हाऊसमध्ये इंडोनेशियाच्या दोन मरीन्सनी बॉम्ब ठेवला, तीन माणसं गेली. ही इमारत अजून उभी आहे, डोबी घोट स्टेशनच्या अगदी जवळ. शॉपिंगला जाता येता दिसते, पर्यटकांना कोणी सांगत नाही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. त्या दोघांना १९६८ मध्ये इथे फाशी दिली, आणि २०१४ मध्ये इंडोनेशियाने त्याच दोघांचं नाव आपल्या एका युद्धनौकेला दिलं. इथे केवढा गहजब झाला, ते जहाज आमच्या बंदरात येऊ देणार नाही असं मंत्र्यांनी सांगितलं. पन्नास वर्षांनंतर! तेव्हा शत्रूचं नाव घेत नाहीत ते यासाठी, की शेजारी बदलता येत नाहीत आणि रोज व्यवहार त्यांच्याशीच आहे.

ब्रिटिशांचे तळ होते, त्यावर निवांत होते काही काळ. पण जानेवारी १९६८ मध्ये लंडनने जाहीर केलं की सुएझच्या पूर्वेकडचं सगळं आवरतोय, १९७१ पर्यंत निघालो. त्या तळांवर देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा अवलंबून होता. म्हणजे संरक्षणही जाणार आणि हजारो नोकऱ्याही. हे सगळं पहिल्या तीन वर्षांत.

मनमोकळा
ताई, हे भारी आहे. पण सैन्य उभं कोणी करून दिलं? इस्रायलचं नाव ऐकलंय.

सुमेधा_एस
इस्रायलच. पण त्याआधीची गंमत ऐका. इथले पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी आधी मदत मागितली ती आपल्या लालबहादूर शास्त्रींकडे आणि इजिप्तच्या नासेरकडे. पाच बटालियन उभ्या करायला एक सल्लागार द्या असं शास्त्रीजींना पत्र. उत्तरात सिंगापूरच्या जनतेला शुभेच्छा आल्या, सल्लागाराचा उल्लेख नाही. नासेरचंही तसंच. १९६५ चं आपलं स्वतःचं युद्ध चालू होतं हो तेव्हा, शास्त्रीजींना कसा दोष देणार. मग इस्रायली आले, आणि शेजारी दोन्ही मुस्लिम देश म्हणून त्यांची ओळख लपवायला त्यांना "मेक्सिकन" म्हणायचे. रंगही जुळून गेला म्हणे.

हे सगळं ज्याने रेटून नेलं तो माणूस म्हणजे पहिले संरक्षणमंत्री गोह केंग स्वी. पेशाने अर्थतज्ज्ञ, फौजेचा अनुभव म्हणजे ब्रिटिशांच्या स्वयंसेवक दलात कॉर्पोरल होते तेवढाच. १९६६ मध्ये अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग सेंटर, १९६७ मध्ये सक्तीची नॅशनल सर्व्हिस आणि त्याच वर्षी स्वतःचा गोळ्या बनवायचा कारखाना. त्या कारखान्याचीच आजची एसटी इंजिनिअरिंग ही शस्त्रास्त्र कंपनी झाली. १९६९ च्या नॅशनल डे परेडला इस्रायलकडून घेतलेले फ्रेंच बनावटीचे एएमएक्स-१३ रणगाडे रस्त्यावरून फिरवले. तेव्हा मलेशियाकडे एकही रणगाडा नव्हता. ज्यांनी समजायचं ते समजले.

गनर_निवृत्त
मला इथे बोलायलाच पाहिजे. कुमारसाहेबांनी लांबी-रुंदी दिली ती बरोबर दिली, पण त्यातून निष्कर्ष चुकीचा काढला. १५५ मिमीची तोफ वीस-तीस किलोमीटर मारते. सिंगापुरात ती पूर्ण पल्ल्याने डागली तर गोळा एक तर समुद्रात नाही तर दुसऱ्या देशात. मग हे लोक सराव कुठे करतात? आमच्या देवळालीला. होय, आपल्या नाशिकच्या देवळालीला. २००८ चा करार आहे, त्याखाली त्यांचं तोफखाना दल देवळालीच्या फायरिंग रेंजवर येतं, रणगाडेवाले झाशीजवळ बबिन्याला जातात. अग्नी वॉरियर असं तोफांच्या संयुक्त सरावाचं नाव, २०२४ च्या नोव्हेंबरमध्येही झाला. हवाई दल बंगालमध्ये कलाईकुंड्याला. नौदलाचा सिंबेक्स सराव तर १९९४ पासून.

मी त्यांची पोरं जवळून बघितली आहेत. वीस-एकवीस वर्षांची, चष्मेवाली, बोलायला हळू. पहिल्या दिवशी वाटलं ही कॉलेजची सहल आलीय. पण ड्रिल बघितलं आणि गप्प बसलो. तक्ते बिनचूक, रेडिओवर एक शब्द फालतू नाही, गोळा पडायचा तिथेच पडायचा. एक गोष्ट मात्र खटकली, की ठरलेल्या चौकटीबाहेर काही घडलं की वर विचारायचे. आमचा हवालदार तिथल्या तिथे जुगाड करून मोकळा. युद्धात यातलं काय कामाला येतं यावर मेसमध्ये रात्री बारापर्यंत वाद झालेत.

टवाळ_पोर
देवळालीत आम्ही लहानपणी धडाम आवाज आला की म्हणायचो पाकिस्तान आलं. आता कळलं सिंगापूर होतं :ड

गनर_निवृत्त
टवाळ, हसा. पण भाड्याच्या मैदानावर सैन्य शिकवणं हे किती जिकिरीचं ते बघा. तैवानमध्ये १९७५ पासून जातात, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला शोलवॉटर बेला जातात, लढाऊ वैमानिक फ्रान्समध्ये काझोला आणि अमेरिकेत अ‍ॅरिझोना-आयडाहोला. हवाई दलाचा बराचसा भाग कायम परदेशात असतो. आणि २०१६ मध्ये तैवानहून सराव करून परत येणाऱ्या त्यांच्या नऊ टेरेक्स चिलखती गाड्या हाँगकाँगच्या कस्टम्सने बोटीवरून उतरवून ठेवून घेतल्या. दोन महिने अडकल्या, चीनने त्या निमित्ताने तैवानवरून सुनावून घेतलं, जानेवारी २०१७ मध्ये सुटल्या. स्वतःकडे मोकळी जमीन नसली की हे असं होतं, सराव कुठे करायचा हासुद्धा परराष्ट्र खात्याचा प्रश्न होऊन बसतो.

लाल_मिरची
सगळं ठीक, पण कोणीतरी उलटी बाजू मांडा ना. कोस्टा रिकाने १ डिसेंबर १९४८ ला सैन्यच बरखास्त केलं. पैसा शाळा-दवाखान्यांत घातला. शेजारी निकाराग्वा, जो काही फार सोज्वळ नाही. तरी कोस्टा रिका जिवंत आहे आणि मजेत आहे. दुसरीकडे श्रीलंका बघा, २००९ ला युद्ध संपलं तरी दोन लाखांच्या आसपास सैन्य पोसत बसले, २०२२ मध्ये पेट्रोलला पैसे नाहीत आणि २०२३ मध्ये मग जाहीर केलं की २०३० पर्यंत एक लाखावर आणू. लहान देशाला मोठं सैन्य म्हणजे गळ्यात धोंडा. सिंगापूर श्रीमंत आहे म्हणून धोंडा जाणवत नाही एवढंच.

अवखळ
आणि कुवेत? तेही श्रीमंत होतं. २ ऑगस्ट १९९० ला सद्दाम घुसला, दोन दिवसांत खेळ खल्लास. आमच्या काकांचं कुटुंब तेव्हा तिथे होतं, एअर इंडियाच्या विमानाने अम्मानहून परत आले, सगळं सोडून.

लाल_मिरची
कुवेतला परत कोणी मिळवून दिलं, कुवेतच्या सैन्याने की अमेरिकेने? माझाच मुद्दा सिद्ध झाला.

अवखळ
सहा-सात महिन्यांनी मिळवून दिलं. दरम्यान ज्यांचं गेलं त्यांचं काय? सिंगापूरकडे तर सहा दिवस पण मागे सरकायला जागा नाही.

पैसाझाला_मोठा
अर्थशास्त्राच्या अंगाने थोडं. वरचे सगळे लोक २३.४ अब्ज हा आकडा धरून भांडतायत, पण तो आकडा खरा खर्च दाखवतच नाही.

कसं ते बघा. श्रीलंकेचं सैन्य पगारी आहे, खर्चाचा मोठा भाग पगारात. आपल्या ६.८१ लाख कोटींपैकी १.६० लाख कोटी निव्वळ पेन्शन. सिंगापूरमध्ये सैनिक म्हणजे बहुतांश अठरा-वीस वर्षांची पोरं, दोन वर्षं सक्तीने आलेली, महिन्याला साडेसातशे-आठशे डॉलरवर. हाच मुलगा बाहेर साधी नोकरी करेल तर याच्या कितीतरी पट कमावेल. तो जो फरक आहे तो बजेटमध्ये कुठेच येत नाही, तो त्या मुलाने आणि त्याच्या घराने भरलेला कर आहे. वर पेन्शन नाही. म्हणून तर सरकारला विमानं आणि पाणबुड्या घ्यायला पैसा उरतो. जीडीपीच्या तीन टक्के दिसतात, पण खरं ओझं त्याहून बरंच जास्त आहे आणि ते फक्त मुलांवर आहे, मुलींवर नाही, आणि बाहेरून आलेल्या आमच्यासारख्या लोकांवर तर अजिबात नाही. इथल्या चिनी, मलय, तमिळ तरुणांची ही खरी खदखद आहे, की आम्ही दोन वर्षं चिखलात लोळायचं आणि तोपर्यंत बाहेरून आलेला माणूस नोकरीत दोन वर्षं पुढे. कॉफीशॉपमध्ये बसलात तर ऐकू येईल.

जमिनीचंही तेच. पाया लेबारचा हवाई तळ २०३० नंतर हलवणार आहेत, आठशे हेक्टर मोकळी होणार. शिवाय विमानांमुळे आजूबाजूच्या मोठ्या भागात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत त्याही जातील. मुंबईकरांना सांगायला नको उंचीची मर्यादा उठली की काय होतं ते. इतकी वर्षं ही किंमत मोजत होतेच, संरक्षण बजेटमध्ये एक डॉलर न दिसता.

आणि बजेटची फोड काही विचारू नका. विमानाला किती, पाणबुडीला किती, पार्लमेंटमध्येसुद्धा सांगत नाहीत. पण एक मान्य करायला पाहिजे, खर्चात चढउतार नाहीत. मंदी आली म्हणून कापला नाही, शेजारी खवळला म्हणून एकदम दुप्पट केला नाही. वीस वर्षांचा हिशोब मांडून खरेदी करतात. लाल मिरचीने म्हटलेला धोंडा जाणवत नाही तो नुसत्या श्रीमंतीमुळे नाही.

कुरकुरे_कुमार
बरं मग लढतील का ही चष्मेवाली पोरं? जनरल लोक सगळे स्कॉलरशिपवाले, केंब्रिजला शिकून आलेले, चाळिशीत निवृत्त होऊन थेट मंत्री. माजी पंतप्रधान ली सिएन लूंग ब्रिगेडियर जनरल होते, आत्ताचे संरक्षणमंत्री चान चुन सिंग मेजर जनरल होते. गोळी अंगावरून गेलेला एक तरी आहे का?

सुमेधा_एस
नाहीये, आणि नसावा हाच हेतू आहे ना? सैन्य वापरावं लागलं म्हणजे निम्मं अपयश. तरी १९९१ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या एसक्यू-११७ विमानाचं अपहरण झालं होतं तेव्हा चांगी विमानतळावर कमांडो घुसले, चारही अपहरणकर्ते ठार, प्रवासी सगळे सुखरूप. २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियातल्या मेउलाबोहला रस्ते वाहून गेले होते, तिथे यांची लँडिंग शिप्स आणि चिनूक सर्वात आधी पोहोचलेल्यांत होती. ज्या इंडोनेशियाची भीती तिथेच मदतीला.

ली क्वान यू सिंगापूरला विषारी कोळंबी म्हणायचे, मोठ्या माशाने गिळली तरी त्याचं पोट बिघडलं पाहिजे. आताचं सैन्य त्याच्या पुष्कळ पुढे गेलंय, पण मूळ हिशोब तोच.

पुलाउ_टेकाँगची_आई
एवढा वेळ वाचत होते, आता लिहिते. माझ्या मुलाचं एनएस (नॅशनल सर्व्हिस) झालं. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी पण नागरिक नाही, मुलगा इथेच वाढलेला, सेकंड जनरेशन पीआर म्हणून त्याला लागू. साडेसोळाव्या वर्षी नोंदणीचं पत्र आलं तेव्हा घरात सासूबाईंनी विचारलं, "अगं हा कोणाच्या सैन्यात चाललाय? आपला पासपोर्ट तर भारताचा." मला उत्तर देता आलं नाही, अजूनही नीट देता येत नाही.

पहिल्या दिवशी आईवडिलांनाही फेरीने टेकाँग बेटावर नेतात. बॅरॅक दाखवतात, कुकहाऊसमधलं जेवण देतात. शाकाहारी वेगळं असतं, बऱ्यापैकी असतं. मग मुलं शपथ घेतात आणि आपण परत फेरीत. नऊ आठवडे बेसिक ट्रेनिंग, शेवटी चोवीस किलोमीटरचा मार्च. पहिल्या वीकएंडला घरी आला तेव्हा टक्कल, उन्हाने काळा, आल्या आल्या बूट पुसायला बसला. ज्याने कधी पाण्याची बाटली उचलून सिंकमध्ये ठेवली नव्हती. जेवताना भाषा पण बदललेली, कोण "चाओ केंग" करतं म्हणजे आजारपणाचं सोंग घेतं, कोण कोणाला "साबो" करतं म्हणजे मुद्दाम अडचणीत आणतं. सेक्शनमधला एक मलय मुलगा, एक टॅक्सीवाल्याचा चिनी मुलगा आणि हा सांगलीचा कुलकर्णी, तिघं अजून दर महिन्याला भेटतात. शाळेतले मित्र सगळे अमेरिकेला गेले.

गोड गोड लिहीत नाहीये. भीती असतेच. २०१९ मध्ये न्यूझीलंडला सरावात एक तरुण अभिनेता तोफेत काम करताना गेला, रिझर्व्हिस्ट होता, तेव्हा या देशातल्या प्रत्येक घरात आया रडल्यात. त्यानंतर काही दिवस ट्रेनिंगचा वेग कमी केला होता आणि सुरक्षा तपासायला वेगळं ऑफिस काढलं. आणि दोन वर्षांनी संपत नाही, चाळिशीपर्यंत रिझर्व्हिस्ट म्हणून बोलावणं येतं, दहा वेळा, शिवाय दरवर्षी फिटनेसची आयपीपीटी. पगार सरकार भरून देतं पण बॉसच्या कपाळावरच्या आठ्या कोण भरून देणार.

पैसाझाला यांनी लिहिलंय ते शंभर टक्के पटलं. आमच्या घराने दोन वर्षं दिली, ती कुठल्या बजेटमध्ये नाहीत.

टवाळ_पोर
काकू __/\__

मनमोकळा
एक शंका. बाईमागे मुलांची सरासरी २०२४ मध्येच ०.९७ वर आली होती तिथे. पोरंच नसतील तर हे मॉडेल चालणार कसं?

गनर_निवृत्त
तेच तर त्यांचं खरं दुखणं आहे, मलेशिया नाही. २०३० पर्यंत भरतीची मुलं एक तृतीयांशाने कमी होणार असं त्यांचेच मंत्री म्हणाले होते. म्हणून जिथे बारा माणसं लागायची तिथे चार-पाच लागतील अशी यंत्रं, ड्रोन, बिनमाणशी बोटी. नवीन पाणबुडीवर माणसं किती कमी लागतात हे ते विमानाच्या वेगासारखं कौतुकाने सांगतात. बजेट का वाढतंय याचं निम्मं उत्तर इथे आहे.

लाल_मिरची
म्हणजे माणसं नाहीत म्हणून यंत्रं, यंत्रं महाग म्हणून बजेट. मग मुलींना का नाही घेत? इस्रायल घेतं ना.

सुमेधा_एस
दर काही वर्षांनी चर्चा होते. सरकार म्हणतं गरज नाही, समाजाला बसणारी किंमत जास्त. स्वेच्छेने मुली जातातच. पण आता माणसंच कमी पडायला लागली तर हे उत्तर किती दिवस टिकेल बघू.

नवीन_सभासद_०९
नमस्कार, मी नेहमी नुसता वाचक. आम्ही सध्या ईपीवर (नोकरीच्या परवान्यावर) आहोत, पीआरसाठी अर्ज करायचा विचार आहे. मुलगा अकरा वर्षांचा. धागा वाचून बायको घाबरली आहे. पीआर आम्ही दोघांनीच घेतला आणि मुलाचा नाही घेतला तर? किंवा घेतला आणि नंतर सोडला तर?

पुलाउ_टेकाँगची_आई
ईपीवर असेपर्यंत त्याला काही लागू नाही. तुमच्यासोबत त्याला पीआर मिळाला की लागू, तुम्हाला स्वतःला मात्र नाही. वय तेरा झालं आणि दोन वर्षांपेक्षा जास्त शिकायला वगैरे बाहेर पाठवायचं तर एक्झिट परमिट आणि बाँड लागतो, ७५,००० डॉलर किंवा आईवडिलांच्या वार्षिक उत्पन्नाचा निम्मा हिस्सा, जे जास्त असेल ते. बोलावल्यावर आला नाही तर गुन्हा आहे, १०,००० डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद. एनएस न करता पीआर सोडला तर पुढे त्याने इथे शिकायला किंवा नोकरीला अर्ज केला की ते बघितलं जातं. ऑलिंपिकचं सुवर्णपदक आणणाऱ्या जोसेफ स्कूलिंगला पण नुसती पुढे ढकलायची सवलत मिळाली होती, माफी नाही.

मुलाचा घ्यायचा नाही असं ठरवलंत तरी चालतं, पण मग तो मोठा झाल्यावर इथे राहायचं म्हणाला तर त्याला स्वतःच्या व्हिसावर यावं लागेल. अकरा वर्षांचा आहे म्हणजे अजून त्याला विचारण्याएवढा वेळ आहे तुमच्याकडे. आम्ही विचारलं नव्हतं.

टवाळ_पोर
आणि बाबांनाच हौस असेल तर? पीआर बाबांना घेतात का?

पुलाउ_टेकाँगची_आई
घेतात की. २०१४ पासून स्वयंसेवकांचं वेगळं दल आहे, बायका आणि पहिल्या पिढीचे पीआर दोघांनाही जाता येतं. आमच्या ह्यांनी फॉर्म आणलाय, पोट बघून मी अजून सही केलेली नाही.